नाव ठेवणारा

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी चहा घेता घेता मुक्तकोश उघडला तर ‘अंगठाबाई प्रकरण’ या लेखाच्या चर्चापानावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं: ‘हे शीर्षक बदला. अंगठाबाई म्हणजे माझी आजी. ती सही करते.’ खाली नाव, तृप्ती भोये. ‘शीर्षक’ शुद्ध लिहिलंय, पूर्णविराम जागच्या जागी. चाळीस वर्षं दैनिकात मुद्रितं तपासलेल्या माणसाला आधी तेच दिसतं.

मुक्तकोश म्हणजे इंटरनेटवरचा ज्ञानकोश. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, पगार कुणालाच नाही. मराठीत नेमाने काम करणारे आम्ही नऊ-दहा जण. निवृत्त झाल्यापासून नाशिक जिल्ह्याचे लेख मी सांभाळतो, आणि त्यात हा सगळ्यात जास्त वाचला जातो. पेठ तालुक्यातल्या उंबरझिरा गावाचा डोंगर खडीच्या खाणीला द्यायचा होता. आदिवासी भागात त्याला ग्रामसभेची संमती लागते. ग्रामसभा झालीच नाही, पण ठराव मात्र झाला, आणि त्याखाली एकसष्ट अंगठे उमटले. त्यातले चार मेलेल्या माणसांचे. तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा एकसष्टही ठसे दोनच माणसांचे निघाले. सगळ्यात वर सरपंचबाईचा अंगठा, म्हणून ‘अंगठाबाई’. खाण राज्यमंत्र्यांच्या मेहुण्याची होती, त्यामुळे मंत्रिपद गेलं. खटला अजून उभा राहिलेला नाही.

उत्तर लगेच लिहिलं. लेखाला सर्वाधिक रूढ नाव द्यावं असा मुक्तकोशाचा नियम आहे, आणि या नावाला चौदा बातम्यांचे संदर्भ आहेत. आपल्या भावना समजतात, पण ज्ञानकोश भावनेवर चालत नाही. मागे एक जण मंत्रिमहोदयांचं नाव शीर्षकात घालायला निघाला होता, त्यालाही मी असंच नियमाने थांबवलं होतं. जिवंत माणूस, दोष सिद्ध झालेला नाही. अशाचं नाव शीर्षकात येऊ नये. माणसाला अब्रू असते. (त्यांचं नाव इथेही लिहीत नाही. सवय लागली आहे.)

शिवाय नाव मोठं नेमकं आहे. दोन शब्दांत अख्खं प्रकरण येतं. असं नाव सुचायला भाषा हातात असावी लागते.

१९ नोव्हेंबर

तिचं उत्तर: ‘सर, रूढ म्हणजे काय?’

शब्दकोशातला अर्थ उतरवून दिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मालेगावहून अमितचा फोन. हा तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो आणि मुक्तकोशावर प्रचालक आहे, म्हणजे वाद मिटवायचा आणि शीर्षक बदलायचा अधिकार त्याच्याकडे. मी मूळचा सटाण्याचा असल्याने माझ्याशी बोलताना तो हटकून अहिराणीत सुरुवात करतो.

“सर, हाई भानगड मोठी शे.”

“कसली भानगड? मुलगी चर्चेला आली, मी नियम सांगितला. संपलं.”

“नियम बरोबर आहे हो. पण हे नाव रूढ झालं ते कुठून, एवढं जरा बघून घ्या ना. कुणीतरी पहिल्यांदा लिहिलंच असेल.”

“रूढ कसं झालं हा आपला प्रश्नच नाही,” मी म्हणालो. “रूढ आहे की नाही, एवढंच आपण पाहतो. नियमाचं पान मीच लिहिलंय, अमित.”

तो ‘बरं’ म्हणाला. तीन आठवडे तरी चर्चा खुली ठेवतो म्हणाला. मला ते आवडलं नाही. मंदा शेजारी मेथी निवडत होती. ती म्हणाली, “त्या बाईचं खरं नाव काय हो?” मला चटकन सांगता येईना. लेखात आहे, चौथ्या परिच्छेदात. चतुराबाई भोये.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तृप्ती भोयेने भेटायचं म्हटलं. सीबीएस बसस्थानकाजवळच्या चहाच्या हॉटेलात बसलो. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. बारीक अंगाची, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघते. ती भांडेल या तयारीने मी गेलो होतो, पण ती भांडली नाही. तिने पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. शाळा समितीचं हजेरीपत्रक, बँकेचा फॉर्म, रेशनच्या अर्जाची प्रत. सगळीकडे एकच सही, चतुरा दे. भोये. ‘भो’चा काना जरा लांब, ‘ये’ची मात्रा कललेली.

“माझी आई अंगणवाडीत होती, तिने शिकवली,” ती म्हणाली. “मी पहिलीत असताना. तेव्हापासून आजीने कुठंच अंगठा दिला नाही. तो ठरावावरचा तिचा नाहीच, सर.”

मला ते कागद पाहून वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण ज्ञानकोशात फक्त छापून आलेलं चालतं. घरातले कागद म्हणजे स्वतःचं संशोधन. ते चालत नाही. मी तिला तसं सांगितलं.

“म्हणजे ती सही करते, हे पेपरात आलं तरच खरं?”

“खरं-खोटं नाही. संदर्भ.”

तिने मग आणखी एक पान पुढे केलं. पोलीस भरतीच्या गाइडमधलं. तिचा भाऊ भरतीची तयारी करतो. प्रश्न ११७: उंबरझिरा खाण घोटाळा कोणत्या नावाने ओळखला जातो? चार पर्याय, आणि मागे उत्तर, अंगठाबाई प्रकरण. “भाऊ रोज हे पाठ करणाऱ्या पोरांमध्ये बसतो,” ती म्हणाली. “गावातली पोरं आजीला त्याच नावाने हाक मारतात. तिचं नाव आता तेच झालंय. मला ते काढायचंय, एवढंच. बाकी काही नको.”

चहाचे पैसे मी देऊ लागलो, तर तिने माझ्याआधी दिले.

३० नोव्हेंबर, रविवार

चर्चेत एकदाच भक्कम उत्तर द्यावं म्हणून सगळ्या बातम्या तारखेने लावल्या. सुरुवातीच्या बातम्यांत ‘उंबरझिरा ठराव’, ‘खाण ठराव’, ‘बनावट अंगठे’ असं काय काय आहे. ‘अंगठाबाई’ पहिल्यांदा येतं १५ जून २०२३ला, आमच्याच दैनिकात.

मुक्तकोशावरचा लेख ११ जूनचा. म्हणजे चार दिवस आधीचा. पहिली आवृत्ती माझी. शेजारी माझीच नोंद: ‘सोयीसाठी तात्पुरते शीर्षक.’

विसरलो होतो, असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. त्या दिवशी दुपारी हे नाव सुचलं आणि मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो होतो. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मथळ्यांतले ऱ्हस्व-दीर्घ नीट केले, पण मथळा द्यायला मला कुणी कधी सांगितलं नाही. तो उपसंपादकांचा मान. हा माझा पहिला मथळा. चार दिवसांनी तो आठ कॉलमांत छापून आला तेव्हा मी एक अंक जास्तीचा आणला होता. कपाटात आहे.

पेपरने माझ्याकडून घेतलं, बाकीच्या तेरा बातम्यांनी पेपराकडून घेतलं, गाइडवाल्याने सगळ्यांकडून. आणि मी त्या मुलीला सांगतोय, बघ, चौदा संदर्भ आहेत.

अमितला अजून बोललेलो नाही. मंदालाही नाही.

६ डिसेंबर, शनिवार

उंबरझिऱ्याला जाऊन आलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. तृप्तीला म्हणालो, एकदा आजींना भेटतो. तिला बरं वाटलं, ते पाहून मला आणखीच कसंतरी झालं.

पेठची एसटी, तिथून पुढे जीप. खाण सुरू झालीच नव्हती, डोंगर शाबूत आहे. घरापुढे नागली, म्हणजे नाचणी, वाळत घातलेली. चतुराबाई सत्तरीच्या आसपासच्या, उंच, काटक. डोक्यावर पदर होता पण तो सावरायची घाई नव्हती. बसायला गोधडी टाकली, पाणी दिलं, मग स्वतः उंबऱ्यात बसल्या.

तृप्तीने एक वही आणि पेन पुढे केलं. “आजी, सरांना सही करून दाखव ना.”

“सही दाखवाया मी काय शाळंत हाय?” म्हातारी म्हणाली आणि वही सरळ बाजूला ठेवली. “मी सरपंच होते भाऊ. सही कामावर करायची. खेळ म्हणून नाय.”

मी म्हटलं, बरोबर आहे. खरंच बरोबर होतं.

मग तिने विचारलं, तुमी लिवता ते काय असतं? मी सांगितलं, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एक लेख असतो, आणि प्रत्येक लेखाला एक नाव. “आमच्यात पोराचं नाव फुई ठेवती,” ती म्हणाली. फुई म्हणजे आत्या. “नाव वाईट निघालं तर फुईला इचारता येतं, का गं असं ठेवलं? तुमच्याकडं कोण ठेवतं?”

“तसं ठरलेलं कुणी नाही.”

“माझं कोणी ठेवलं?”

तृप्ती माझ्याकडे बघत होती. आता कपाळाकडे नव्हे, डोळ्यांत.

“पेपरवाल्यांनी,” मी म्हणालो.

म्हातारीने मान हलवली. राग नव्हता तिच्या तोंडावर. मग म्हणाली, “आनि त्या मंत्र्याचं नाव का नाय ठेवलं? डोंगर त्यालाच पायजे होता.”

हे उत्तर मला तोंडपाठ होतं. “त्यांना अजून शिक्षा झालेली नाही आजी. शिक्षा झाल्याशिवाय जिवंत माणसाचं नाव असं लावता येत नाही. नियम आहे.”

“मंग मला कधी झाली शिक्षा?” ती म्हणाली. “आनि मी काय मेले?”

जेवून जा म्हणाल्या. नागलीची भाकरी, उडदाची आमटी. जेवलो. खाली मान घालून जेवलो. परतीच्या जीपमध्ये तृप्ती म्हणाली, “सर, तुम्ही आलात हे लय झालं.”

७ डिसेंबर

आज काही लिहिलं नाही. दिवसभर चर्चापान उघडायचं आणि मिटायचं, एवढंच.

लहानपणी मास्तरांनी शिकवलं होतं: नाव ठेवणे म्हणजे नामकरण करणे, नावं ठेवणे म्हणजे दोष काढणे. एका अनुस्वाराचा फरक. माझ्या हातून तो अनुस्वार कधी सुटला नव्हता.

९ डिसेंबर, मंगळवार

लिहून टाकलं. चर्चापानावर, सगळ्यांसमोर. ‘हे नाव कुठल्याही वृत्तपत्राने दिलेले नाही. ते मी बनवले. वृत्तपत्रांनी ते येथून उचलले आणि मी त्यांचेच संदर्भ पुरावा म्हणून दिले. शीर्षक बदलावे.’

आधी तृप्तीला फोन करून सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. ती म्हणाली, “शनिवारी सांगायचं होतं, सर.” आणि फोन ठेवला.

मंदाला सांगितलं. ती म्हणाली, “तरीच तुम्ही त्या नावाची इतकी बाजू घेत होतात. आपला तो बाळ्या.” पुढचं बोलली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात म्हण अर्धी सोडायची सवय झाली आहे.

११ डिसेंबर

मुक्तकोशाच्याच पुण्यातल्या एका संपादकाने उत्तर दिलं. सभ्य भाषेत. श्री. खैरनार यांचा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा असला तरी नाव कसे रूढ झाले हा मुद्दा नाही. रूढ आहे की नाही, एवढेच पाहावे. नियमाच्या पानाचा दुवा दिला आहे. वाक्य माझंच. स्वल्पविरामासकट.

त्याला पाठिंबा तिघांचा.

रागाने दोनदा उत्तर लिहून खोडलं. मग म्हातारीचं बोलणं आठवलं आणि तेच लिहिलं, फक्त ज्ञानकोशाच्या भाषेत: ज्या नियमाने माजी राज्यमंत्र्यांचे नाव आपण शीर्षकात येऊ दिले नाही, तोच नियम चतुराबाई भोये यांनाही लागू आहे. त्या हयात आहेत. त्यांच्यावर दोष सिद्ध झालेला नाही. ‘अंगठाबाई’ या शब्दाने दुसऱ्या कुणाचाही बोध होत नाही. अडीच वर्षांत हे आपल्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही, आणि हा नियमही मीच राबवत होतो.

पुण्याच्या गृहस्थांनी संध्याकाळी लिहिलं, ‘हे मान्य.’ माणूस वाईट नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

अमितने चर्चा बंद केली. लेख आता ‘उंबरझिरा बनावट ठराव प्रकरण’ या नावाने आहे. जुनं नाव शोधलं तर माणूस आपोआप नव्या पानावर येतो. तृप्तीला कळवलं. ‘धन्यवाद’ एवढंच आलं. ‘सर’ नव्हतं.

पण झालं काय? पेपरातलं नाव तसंच. गाइडमध्ये तसंच. वाचणाऱ्याला वाटणार की हे नाव लोकांच्या तोंडातून आलं, बाईने काहीतरी केलंच असेल. नाव कुणी दिलं हे लेखातच यायला हवं. ते घालायला गेलो आणि थबकलो. चर्चापानावरची कबुली हा संदर्भ होत नाही. छापून यायला हवं.

त्या मुलीला मी हेच सांगितलं होतं, चहा पिता पिता.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दैनिकाच्या कचेरीत गेलो. वाचकांच्या पत्रांचं पान आता देवराम बघतो, माझ्या हाताखाली शिकलेला. नाव मी बनवलं आणि चतुराबाई सही करतात, एवढंच लिहिलेलं माझं पत्र वाचून त्याने चष्मा काढला.

“खैरनार साहेब, कशाला? कोण विचारतंय आता? लोक विसरले.”

“गाइड छापणारे विसरलेले नाहीत.”

“लोक तुमच्या नावाने बोंबलतील. आणि आमचंही हसं होईल, ज्ञानकोशातून मथळा उचलला म्हणून.”

“तेवढं होऊ दे,” मी म्हणालो. “तिथे सही आहे बघ माझी. शब्द कापायचे तर काप, सही कापू नकोस.”

त्याने पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग छापतो म्हणाला.

२७ डिसेंबर, शनिवार

आलं. पान सहा, खाली उजवीकडे. एकही शब्द कापला नाही. पण वर मथळा कुणी दिला कोण जाणे: ‘अंगठाबाई प्रकरणाला नवे वळण’.

मी अंक घडी करून ठेवला. देवरामला फोन करावा असं वाटलं, नाही केला. त्या टेबलावरच्या माणसालाही तो मथळा आवडलाच असणार.

२८ डिसेंबर, रविवार

लेखात नवं वाक्य घातलं: ‘या प्रकरणासाठी वापरले गेलेले “अंगठाबाई” हे नाव मुक्तकोशाचे संपादक महेश त्र्यंबक खैरनार यांनी जून २०२३ मध्ये बनवले होते आणि तत्कालीन सरपंच चतुराबाई भोये या सही करतात, असे त्यांनी नंतर जाहीर केले.’ शेवटी संदर्भ, पान सहा.

मंदा मागे उभी राहून वाचत होती. “पूर्ण नाव लागतंच का? आपल्या पूजाच्या सासरचे वाचतील. नुसतं ‘एक संपादक’ म्हटलं तर?”

मीही तासभर तेच करत होतो. ‘एक संपादक’, ‘मुक्तकोशावरील एका सदस्याने’, ‘म. खैरनार’. नियमात काय बसतं ते शोधत होतो, आणि नियमात सगळंच बसत होतं.

“तिचं पूर्ण आलंय,” मी म्हणालो.

मंदाने खांद्यावर हात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. मी बटण दाबलं.

३ जानेवारी, शनिवार

वाचनालयात कुणीतरी ‘या अंगठाबुवा’ म्हटलं, चारचौघं हसली. मीही हसलो. सोसायटीत जिन्यावर एक जण बोलता बोलता गप्प झाला. पूजाच्या सासूबाईंनी फोनवर विचारलं म्हणे, ते खैरनार म्हणजे आपलेच का. रविवारपासून घास नीट उतरत नाही. साठी उलटलेल्या माणसाने असल्या गोष्टीने जेवण टाकू नये, पण होतंय खरं. दूध आणायला मी दोन दिवस पाठीमागच्या गेटने जातोय.

दुपारी तृप्तीचा संदेश आला. घरी गेली होती. पत्र तिने आजीला वाचून दाखवलं, दोनदा. मला वाटलं, आता म्हातारी विचारणार, का ठेवलंस बाबा असं नाव. उत्तर तयार करून ठेवलं होतं, कितीतरी दिवसांपासून.

तृप्तीने लिहिलं आहे:

‘आजी विचारते, सरांना आता लोक बोलतात का? बोलत असतील तर म्हणाली, सांग त्यांना, थोडे दिवस बाजाराच्या दिवशी बाहेर पडू नका. मागच्या वाटेने जा. कुणी हाक मारली तर वळून बघू नका. पहिलं वर्ष जड जातं, मग सवय होते. आणि जेवत जा म्हणाली.’